शैशवातील संगोपन आणि ताणाची प्रतिक्रिया : एका निष्कर्षाचे परीक्षण

उंदराच्या पिल्लांना रोज काही मिनिटे आईपासून दूर करून पुन्हा तिच्यापाशी ठेवले, तर मोठेपणी त्यांचे शरीर ताणाला कमी तीव्रतेने प्रतिसाद देते, असे सीमूर लेव्हाइन यांच्या १९५७ पासूनच्या प्रयोगांनी दाखविले. हे श्रेय प्रथम हाताळणीलाच दिले गेले. मॉन्ट्रिअल येथील मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मधला दुवा पुढे आणला. परत आलेल्या पिल्लांना आई अधिक चाटते. अधिक चाटलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिकोस्टेरोनची ग्राहके अधिक असतात, व त्यामुळे त्या संप्रेरकाचा स्राव लवकर आवरला जातो. १९९९ मध्ये पिल्लांची अदलाबदल केली असता गुण उतरले ते जन्मदात्रीचे नव्हेत, तर पालनकर्तीचे.

येथवर विवेचन सबळ आहे. आक्षेप आहे तो कमी चाटणाऱ्या मातेस 'उणी' ठरविण्याला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच मातांची संतती ताणाच्या परिस्थितीत स्मरणाच्या कसोटीवर सरस ठरली. ज्या पिंजऱ्यात अन्न आयते मिळते व शत्रूचे भय नसते, तेथे सावधपणा हा दोष भासावा यात नवल नाही. उघड्या रानात तोच प्राणरक्षक ठरू शकेल.

तात्पर्य, प्रतिक्रियेचे मोल परिस्थितीवाचून ठरत नाही. ही शिस्त सुटली, तर उंदरांवरील निष्कर्षावरून मानवी मातांना दोष देण्यास वेळ लागणार नाही. अभ्यासकांनी मोजमाप आणि मूल्यनिर्णय यांतील सीमारेषा कटाक्षाने जपावी.