निळ्या रंगाचे दोन अर्थ

‘इएसओ १३७-००१’ या दीर्घिकेचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले चित्र वर्गात जरूर दाखवावे, पण सावधपणे. नॉर्मा दीर्घिकागुच्छातील तप्त, विरळ वायूतून ही दीर्घिका वेगाने जात आहे. समोरून येणारा दाब तिचा वायू मागे ढकलतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. ताऱ्यांना तो हलवू शकत नाही. चित्रातील निळ्या रेघा म्हणजे निसटलेल्या वायूत जन्मलेले तरुण तारे. लांब निळी शेपटी मात्र चंद्रा दुर्बिणीने टिपलेल्या क्ष-किरणांची; तिचा रंग आपण दिलेला. हा चित्राचा दोषच. विद्यार्थी सारी शेपटी ताऱ्यांची समजेल आणि दीर्घिका बहरते आहे, असे मानेल. प्रत्यक्षात नव्या ताऱ्यांचा कच्चा मालच ती गमावत आहे.