कोणाची मुलं, कोणाचा हिशेब

ना. सी. फडके म्हटलं की आमच्याकडच्या जुन्या वाचकांना प्रेमकथा आठवतात. याच फडक्यांनी १९२७ साली हिंदुस्थानातल्या लैंगिक प्रश्नावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, हे फारसं कोणी सांगत नाही. त्याला अमेरिकेच्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना आहे आणि उपशीर्षकातच सुप्रजाशास्त्राच्या चळवळीची मागणी आहे. त्याच वर्षी जुलैत र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झालं. दोघेही संततिनियमनाचे पुरस्कर्ते, म्हणून आपण त्यांना एकाच पुरोगामी पंगतीत बसवतो. मला वाटतं, कोणाच्या पानात काय वाढलंय ते तरी पाहावं.

फडक्यांच्या पुस्तकाचा मूळ प्रश्न आहे, कोणी जन्माला यावं? ‘सुप्रजा’ शब्द कानाला गोड लागतो. पण ‘सु’ म्हटलं की ‘कु’ आलंच. गाल्टनने १८८३ साली या शास्त्राला नाव दिलं, तेव्हापासून त्याचा रोख एकच: लायकांनी वाढावं, नालायकांनी थांबावं. लायक कोण, हे ठरवणारा अर्थातच स्वतःला लायकांत धरतो. आपल्याकडे त्याला जातीची आयती चौकट मिळाली. जात म्हणजे वंशशुद्धीची योजना, असं शिकलेली माणसं मांडू लागली.

‘काळच तसा होता’ ही सबब मला पटत नाही. ‘जातिनिर्मूलना’त आंबेडकरांनी १९३६ सालीच हा युक्तिवाद खोडून काढला. आणि तेच आंबेडकर १९३४ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या ठरावासाठी भाषण त्यांनीच तयार केलं, रोहम यांनी ते वाचून दाखवलं. संततिनियमन हवं आणि वंशाची वर्गवारी नको, ही भूमिका तेव्हाही घेता येत होती.

सुप्रजेची भाषा कर्व्यांनाही परकी नव्हती. पण १९२१ साली मुंबईत केंद्र काढणाऱ्या, विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावणाऱ्या या माणसाच्या मुळाशी प्रश्न वेगळा होता: हिला मूल हवंय का? बाईच्या शरीरसुखाबद्दल तो उघड लिहीत होता. उणीव एकच, छापील मराठी वाचू न शकणारी बाई त्या चर्चेत नव्हती. त्याच्यावरच्या ‘ध्यासपर्व’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कुटुंबकल्याण विभागात! बाईच्या मर्जीसाठी भांडलेला माणूस शेवटी सरकारच्या लाल त्रिकोणाखाली बसवला गेला.

कारण सरकारनं उचलला तो फडक्यांचा प्रश्न. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी झाल्या. मग १९७९ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं उलटा आदेश काढला: बैगांसारख्या आदिवासींची नसबंदी करायची नाही, त्यांची संख्या घटतेय. आमच्या बालाघाट जिल्ह्यात बैहरकडे बैगा वस्त्या आहेत. चार-पाच बाळंतपणांनी थकलेल्या बैगा बाईनं ऑपरेशन मागितलं, तर आडवा येणार सरकारी कागद. हाच आदेश छत्तीसगडमध्ये उच्च न्यायालयानं २०१८ साली रद्द केला, तोही बैगा मंडळीच कोर्टात गेल्यावर. एकाची मुलं रोखणं आणि दुसऱ्याची जपून ठेवणं, हिशेब दोन्हीकडे तोच. वही दुसऱ्याच्या हातात.

हे लांबचं समजू नका. २०११ च्या जनगणनेत आम्ही जैन सुमारे ४५ लाख. आता समाजाच्या व्यासपीठांवरून तिसऱ्या अपत्याचं आवाहन होतं, बक्षिसंही जाहीर होतात. टाळ्या पडतात. ज्यांना नऊ महिने वागवायचंय त्या सुना मागच्या रांगेत बसलेल्या असतात. त्यांना माईक कोणी देत नाही.

डिसेंबर १९३५ मध्ये सँगरबाई वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. त्यांनी साधनं नाकारली, संयम सांगितला. आम्हा जैनांना हा शब्द ओळखीचा. पण आमच्याकडे अणुव्रत ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. दुसऱ्याला लावलं की ते व्रत राहत नाही, हुकूम होतो. या चळवळीचं सगळं साहित्य मी याच कसोटीवर वाचते. फडके तिथे नापास होतात, सरकार नापास होतं, आणि आमचं व्यासपीठही.