साथ, पोलीस आणि आपले लेखन

प्लेग म्हटला की मराठी वाचकाला रँड आणि चाफेकर आठवतात. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा १९७९ चा चित्रपटही '२२ जून १८९७' या तारखेच्याच नावाचा. पण मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात तपासणी पथक एका आजारी मुलीला नेऊ लागले, जुलाहा विणकर आडवे आले, गोळीबार झाला, माणसे मेली. पुण्याची आणि मदनपुऱ्याची तक्रार एकच होती: परके पुरुष घरात शिरतात, बायकामुलींना हात लावतात. एक तक्रार इतिहास झाली. दुसरीच्या वाट्याला 'दंगल' एवढाच शब्द आला. आपल्या मुस्लिम मराठी लेखकांनाही ती मुलगी दिसू नये, याचे मला वाईट वाटते.

दोन्हींच्या मागे १८९७ चा साथरोग कायदा होता. मूळ कलमे चारच. सरकारने नियम करावेत, न पाळणाऱ्याला शिक्षा व्हावी, अंमलदारावर दावा चालू नये. रोग्याच्या उपचाराच्या हक्काविषयी त्यात अक्षर नाही. साथीत पहिला माणूस पोलीसच येणार, हे तिथेच ठरले. आणि पोलीस आधी कोणाच्या दारात जातो, हे सांगायला नको.

२०२० मध्ये हाच कायदा तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्या मशिदींच्या विश्वस्तांवर लावला गेला. २१ ऑगस्ट २०२० रोजी औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यातले हे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, असे न्या. नलावडे यांनी स्पष्ट लिहिले. न्या. सेवलीकर निकालाशी सहमत होते, काही निरीक्षणांशी नव्हते. आपल्याकडे हा फरक सांगितला जात नाही, सांगायला हवा.

त्यानंतर आपल्याकडे आलेल्या कवितांत अपमानाचे दुःख आहे, आणि ते खरे आहे. पण ताप कुठे आहे? नाव कळले तर पोलीस येतील, या भीतीने खोकला दाबणारा माणूस कुठे आहे? संशयामुळे मन दुखते, तशी तपासणीही लांबते, आणि रोग घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचतो. आमच्या माणमध्ये आयटी पार्कच्या बांधकामावर येणारा परप्रांतीय मजूर आजही नाव-पत्ता विचारला की आधी बिचकतो, मग दुखणे सांगतो. मी उर्दू शाळेत शिकवते. त्याची मुले माझ्या वर्गात बसतात. आपल्या कथेत तो अजून आलेला नाही.