पावती नसलेली पायपीट

पाठीवर पिशवी टाकून अशांत मुलखात हिंडणाऱ्यांची प्रवासवर्णने मी आवडीने वाचतो. परंतु त्यांतली एक उणीव नेहमी खटकते. नेपाळात १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात माओवादी डोंगर चढणाऱ्या परदेशी पाहुण्यांकडून पैसे घेत आणि पावतीही देत. पाहुणा ती दाखवून पुढे जाई आणि मायदेशी तिची गंमत सांगे. ज्या घराने त्याला भात वाढला, त्याचे पुढे काय झाले, हे वर्णनात क्वचितच येते.

आमच्या भामरागडच्या रानाची खरी पायवाट मला प्रवासवर्णनात नव्हे, विलास मनोहरांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीत दिसली. मनोहर हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहिले. माडियाचे चालणे ही हौस नव्हे, हे त्यांनी जवळून पाहिले. तिथल्या माणसाला एकीकडून जंगलखाते व पोलीस, दुसरीकडून नक्षलवादी जाब विचारीत. त्याच्या पायपिटीला पावती कोणीच देत नसे.

तात्पर्य, अशा मुलखाचे वर्णन शिखराच्या उंचीवरून जोखू नये. पाहुणा निघून गेल्यावर यजमानाची दुसरी सकाळ कशी उजाडली, हे ज्यात कळते, तेच पुस्तक त्या वाटेने खरोखर चालले, असे मी मानतो.