किंमत आणि मोल

एखाद्या खेळाचे नियमही ज्यास नीट ठाऊक नाहीत अशा वाचकाने त्या खेळावरील ग्रंथ हाती घ्यावा आणि संपेपर्यंत खाली ठेवू नये, असा योग क्वचितच येतो. मायकेल ल्युइस या अमेरिकन ग्रंथकाराचे ‘मनीबॉल’ हे २००३ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक अशा मोजक्या ग्रंथांपैकी आहे. विषय बेसबॉलचा, त्यातही मैदानावरील खेळापेक्षा संघाच्या कचेरीत चालणाऱ्या व्यवहाराचा. कोणता खेळाडू घ्यावा, कोणता द्यावा, कोणासाठी किती दाम मोजावा, या रुक्ष हिशेबातून ग्रंथकाराने कादंबरीसारखे रसाळ कथानक उभे केले आहे. २०११ साली त्यावर चित्रपट निघाला, आणि पुस्तकाचे नाव व्यापारउदीमात वावरणाऱ्यांच्याही तोंडी रुळले. इतक्या लोकप्रिय ग्रंथाची पुन्हा चिकित्सा कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे, की या पुस्तकाने ज्या गोष्टीवर प्रकाश पाडला तिची वाखाणणी पुष्कळ झाली. परंतु ज्या गोष्टीवरून ते घाईघाईने पुढे गेले, तिच्यापाशी थांबून पाहणे अजून अगत्याचे आहे.

प्रथम कथानक. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचा ‘ॲथलेटिक्स’ हा संघ पैशाने दुर्बळ. २००१ चा हंगाम संपताच त्याचे तीन नामांकित खेळाडू अधिक वेतन देणाऱ्या संघांकडे गेले. त्यांपैकी जेसन जिआंबी यास न्यूयॉर्कच्या ‘यांकीज’ संघाने ७ वर्षांचे १२ कोटी डॉलर कबूल केले. ओकलंडच्या सर्व खेळाडूंचे मिळून वर्षाचे वेतन सुमारे ४ कोटी डॉलर. यांकीजचे साडेबारा कोटींच्या घरात. असे असता २००२ च्या हंगामात दोन्ही संघांनी सारखेच, म्हणजे १०३ सामने जिंकले, आणि ओकलंडने सलग २० सामने जिंकून अमेरिकन लीगचा तोवरचा विक्रम मोडला. हे घडले कसे, हा पुस्तकाचा प्रश्न. आणि संघाचा जनरल मॅनेजर बिली बीन हा त्याचा नायक. मैदानावर संघ चालविणारा मॅनेजर निराळा. जनरल मॅनेजर म्हणजे खेळाडूंचे करार, अदलाबदल आणि पाठवणी यांचा मुखत्यार.

बीनने काय केले, हे समजण्यास खेळाची एक बारीक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. बेसबॉलमध्ये फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या तळावर पोहोचतो, तसाच पिचरने चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले आणि फलंदाजाने मोह आवरून ते सोडले, तरी त्यास पहिला तळ मिळतो. या खेळाचे हिशेब ठेवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात ज्या हेन्री चॅडविकने बसविली, तो जन्माने इंग्रज आणि क्रिकेटचा बातमीदार. क्रिकेटमध्ये वाइड चेंडूची धाव जशी फलंदाजाच्या नावे पडत नाही, त्याच न्यायाने चॅडविकने या संयमाचे श्रेय फलंदाजास दिले नाही. तो केवळ पिचरचा दोष मानला. पुढे शंभर वर्षे फलंदाजाची योग्यता याच अपुऱ्या सरासरीवर ठरत राहिली. तीतील उणीव ज्यांनी चव्हाट्यावर आणली त्यांत कॅन्ससमधील बिल जेम्स हा अग्रणी. डबाबंद खाद्यांच्या कारखान्यात रात्रीचा पहारा करीत त्याने १९७७ पासून आपली आकडेवारीची पुस्तके स्वतःच छापून विकली. त्याचे म्हणणे बीनने आणि त्याचा साहाय्यक पॉल डीपोडेस्टा याने व्यवहारात उतरविले. जो फलंदाज बाद न होता तळ गाठतो तो संघास उपयोगी, मग तो टोलवून गाठो वा सोडून. आणि या गुणास बाजारात भाव नाही, म्हणून तोच स्वस्तात घ्यावा, एवढेच ते सूत्र.

पुस्तकाचा खरा गोडवा मात्र सूत्रात नसून माणसांत आहे. स्कॉट हॅटेबर्ग हा बॉस्टनचा कॅचर. कोपराच्या दुखापतीने त्याची चेंडू फेकण्याची शक्ती गेली. बॉस्टनने त्यास दुसऱ्या संघास दिले, त्या संघानेही ठेवून घेतले नाही. ओकलंडने त्यास बोलाविले, आयुष्यात कधी न सांभाळलेली पहिल्या तळावरील जागा त्यास शिकविली. आणि विसाव्या सलग विजयाच्या सामन्यात, ११ धावांची आघाडी गमावून बरोबरी झाली असता, त्याच हॅटेबर्गच्या टोल्याने सामना जिंकला. चॅड ब्रॅडफर्ड हा पिचर जमिनीस हात घासेल इतका वाकून चेंडू टाकी. ते ध्यान पाहून पारखी लोक हसत. त्याचे आकडे कोणी पाहत नसे. असे उपेक्षित लोक ल्युइसने इतक्या जिव्हाळ्याने रंगविले आहेत, की वाचकास आपल्याच नात्यातले कोणी मार्गी लागल्याचा आनंद व्हावा.

यास उठाव येतो तो नायकाच्या पूर्वचरित्राने. बीन स्वतः तरुणपणी देखणा, उंच, सर्व पारख्यांच्या डोळ्यांत भरलेला खेळाडू होता. १९८० साली न्यूयॉर्कच्या ‘मेट्स’ संघाने त्यास पहिल्याच फेरीत निवडले, आणि विद्यापीठाचे शिक्षण सोडून तो खेळाकडे वळला. पुढे त्याच्या हातून काहीच नाव घेण्यासारखे झाले नाही. ज्यास डोळ्यांनी भलतीच किंमत दिली, त्यानेच पुढे डोळ्यांवर विश्वास ठेवणे सोडावे, ही या चरित्रातील संगती ल्युइसने अचूक हेरली आहे. रूपावर भाळणारी नजर ही अन्यायाची जननी आहे, हा बोध केवळ बेसबॉलपुरता नव्हे.

येथवर ग्रंथकाराशी आमचे मतैक्य आहे. मतभेद सुरू होतो तो अदलाबदलीच्या प्रकरणापासून. या प्रकरणास ल्युइसने शेअरबाजारातील दलालांच्या मेजाचे नाव दिले आहे, आणि ते सहज सुचलेले नाही. ग्रंथकार होण्यापूर्वी तो ‘सॉलोमन ब्रदर्स’ या पेढीत रोखे विकीत असे; १९८९ चे त्याचे पहिले पुस्तक त्याच अनुभवाचे. जुलै २००२ च्या अखेरीस बीन दूरध्वनी कानाशी धरून, एकास एक आणि दुसऱ्यास दुसरेच भासवीत, क्लीव्हलंडच्या संघाकडून रिकार्डो रिंकॉन हा डावखुरा पिचर कसा पदरात पाडून घेतो, याचे वर्णन अत्यंत चटकदार आहे. योगायोगाने क्लीव्हलंडचा संघ त्या दिवशी ओकलंडातच खेळावयास आला होता. रिंकॉनला नुसते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे लागले. वाचक हसतो. परंतु रिंकॉनला जागा करून देण्यासाठी कोणास तरी उठावे लागणार होते. तो माईक मॅग्नान्टे. बड्या संघांतील नोकरीची दहा वर्षे पुरी होऊन पूर्ण निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास त्यास थोडेच दिवस उरले होते. त्यास निरोप देण्यात आला.

ल्युइसने ही गोष्ट लपविली नाही, याबद्दल त्याच्या प्रामाणिकपणाची वाखाणणी केली पाहिजे. परंतु ती सांगून कथा लगेच पुढच्या सौद्याकडे वळते. हॅटेबर्गसाठी जो जिव्हाळा, तो मॅग्नान्टेसाठी का नाही? दोघेही उतारवयातील खेळाडू, दोघांचीही कोणास पर्वा नव्हती. भेद इतकाच, की एक आत आला आणि दुसरा बाहेर गेला. जो हिशेब एकास उचलून घेतो, तोच दुसऱ्यास खाली ठेवतो. आणि हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही कृत्ये सारखीच. ग्रंथकाराने पहिल्या कृत्यास न्याय म्हटले आहे. मग दुसऱ्यास काय म्हणावे, याचे उत्तर पुस्तकात मिळत नाही.

हा प्रश्न बेसबॉलमध्ये नवा नाही. १८७९ पासून मालकांनी करारांत असे एक कलम घातले होते, की मुदत संपली तरी खेळाडू त्याच संघाशी बांधलेला राहावा. १९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुइसच्या संघाने कर्ट फ्लड या बारा हंगाम खेळलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूस, त्याचे मत न विचारता, फिलाडेल्फियास देऊन टाकले. फ्लडने जाण्याचे नाकारले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलच्या आयुक्तांस पत्र लिहून, मन मानेल तेव्हा विकता यावी अशी मालमत्ता आपण नाही, हे निक्षून कळविले. जवळजवळ लाख डॉलरच्या वेतनावर पाणी सोडून तो न्यायालयात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरुद्ध निकाल दिला. फ्लड हरला, पण मुद्दा हरला नाही. १९७३ पासून, दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांतील शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूस अदलाबदल नाकारण्याचा हक्क मिळाला. आणि १९७५ च्या डिसेंबरात पीटर सीट्झ या लवादाच्या निर्णयाने ते जुने कलम मोडले. सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूस मोकळे होण्याचा मार्ग त्यानंतरच्या करारात ठरला.

आता या सहा वर्षांच्या नियमाच्या उजेडात ओकलंडचा चमत्कार पाहा. २००२ साली या संघास तारणारे नुसते हॅटेबर्ग आणि ब्रॅडफर्ड नव्हते. टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे तीन तरुण पिचर अवघ्या लीगमध्ये नावाजलेले होते. झिटोस त्या वर्षी सर्वोत्तम पिचरचे ‘साय यंग’ पारितोषिक मिळाले, आणि मिगेल तेहादा हा लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. हे चौघे स्वस्त होते ते बाजारास त्यांची पारख नव्हती म्हणून नव्हे. त्यांस अद्याप बाजारात उभे राहण्याचीच मुभा नव्हती म्हणून. ल्युइसने या नियमाचा उल्लेख केला आहे. पण ४ कोटी आणि १०३ विजय यांचे गणित मांडताना त्या नियमाचा वाटा किती आणि बीनच्या बुद्धीचा किती, हे त्याने वेगळे करून दाखविलेले नाही. सहा वर्षे सरत येताच काय झाले, हे पुस्तकानंतरच्या काळाने सांगितले. तेहादा २००३ च्या अखेरीस बाल्टिमोरास गेला. २००४ च्या डिसेंबरात हडसन आणि मल्डर यांस दोन दिवसांच्या अंतराने दुसऱ्या संघांस देण्यात आले. २००६ च्या अखेरीस झिटोने सॅन फ्रान्सिस्कोकडून ७ वर्षांचे १२ कोटी ६० लाख डॉलर मिळविले. चित्रपटाने तर या तीन पिचरांस जवळजवळ पुसूनच टाकले आहे. तथापि एका बाबतीत चित्रपट पुस्तकाहून सहृदय आहे: ज्यास दुसरीकडे पाठविले जाते त्याचा चेहरा तो क्षणभर तरी पडद्यावर ठेवतो.

यावर पूर्वपक्ष असा होईल, की कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्यांची कणव कशास? शिवाय व्यवस्थापकाने संघ जिंकावयाचा की अनाथालय चालवावयाचे? आक्षेप वाजवी आहे. बीनने मॅग्नान्टेस ठेवून सामने हरावे, असे आमचे म्हणणे नाही. जुने पारखीही माणसे देतघेतच होते, आणि तेही अज्ञानाने. त्यापेक्षा ज्ञानाने केलेला सौदा बरा. परंतु सौदा शहाणपणाचा असणे आणि न्यायाचा असणे या दोन गोष्टी आहेत. किंमत बाजार ठरवितो आणि चतुर मनुष्य ती बाजाराच्या आधी ओळखतो. मोल निराळे. ज्याच्याविषयी सौदा चालला आहे त्यास त्यात एक शब्द बोलता येतो की नाही, यात ते असते. फ्लडची मागणी पैशाची नव्हती, या एका शब्दाची होती. ल्युइसने किंमतीचे शास्त्र उत्कृष्ट सांगितले. मोलाची बाजू त्याच्या पुस्तकात मुकी राहिली.

मराठी वाचकांस हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईतच क्रिकेटपटूंचा पहिला मोठा लिलाव झाला, आणि महेंद्रसिंग धोनीवर चेन्नईची १५ लाख डॉलरची बोली ठरली. खेळाडू लिलावात आपले नाव स्वखुशीने नोंदवितो, हे खरे. पण कोणत्या गावासाठी खेळावयाचे, हे त्याच्या हाती राहत नाही. सचिन तेंडुलकर आणि आणखी चौघांस मात्र त्या दिवशी लिलावाबाहेर ठेवून आपापल्या गावांकडेच राखले होते. सर्वच गोष्टींवर बोली लावता येत नाही, ही जाणीव लिलाव मांडणाऱ्यांसही होती, असा याचा अर्थ आम्ही करतो.

ओकलंडचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९६८ पासून त्या शहरात असलेला ॲथलेटिक्स संघ २०२४ चा हंगाम संपल्यावर मालकाने तेथून हलविला. लास व्हेगासला नेण्याच्या बेताने तो २०२५ पासून सॅक्रॅमेंटोत खेळू लागला. ज्या प्रेक्षकांनी हडसन गेला, मल्डर गेला, झिटो गेला, तरी संघ आपला म्हणून मन घट्ट केले, त्यांचा अखेर संघच गेला. त्यांचेही मत निर्णायक ठरले नाही.

‘मनीबॉल’ अवश्य वाचावे. भाषा चपळ, पात्रे जिवंत, आणि पूर्वग्रहावरील प्रहार वर्मी लागणारा आहे. मात्र त्याच्या शेजारी कर्ट फ्लडने १९७१ साली प्रसिद्ध केलेले ‘द वे इट इज’ हे आत्मकथन ठेवावे. एका पुस्तकात दूरध्वनी करणारा बोलतो, दुसऱ्यात तो ज्याच्याविषयी केला जातो तो बोलतो. पहिल्याचे बोलणे अधिक रंजक आहे, हे आम्ही मान्य करतो. पण दुसऱ्याचे ऐकल्यावाचून पहिल्यास थोर म्हणण्यास आमची तयारी नाही.