वेष्टनावरील भाषा आणि ‘हितसंबंधितां’चे मत : कीटकनाशक-नियमांचे एक परीक्षण

एखाद्या वस्तूची घडण, तिचे वेष्टन व तिच्यावरील सूचना यांसंबंधी शासन नियम करते. त्या नियमांचे मूल्यमापन कोणाला विचारून करावे, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनशास्त्राचा वाटतो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका साहजिकच येईल. परंतु नियम ही एक संहिता आहे, वेष्टन ही दुसरी, आणि लोकांचे मत मागविणारी राजपत्रातील सूचना ही तिसरी. या तिन्ही संहितांनी आपला वाचक कोण कल्पिला आहे, हे पाहणे समीक्षेच्याच कक्षेत येते. येथे उदाहरणादाखल कीटकनाशकांच्या वेष्टनाचे नियम घेतले आहेत. या संहितांच्या वाचनातील अंतराची किंमत वऱ्हाडातील माणसांनी जिवानिशी मोजलेली आहे.

१९५८ साली केरळात परॅथिऑन मिसळलेले अन्न पोटात जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेनंतर जो विचार सुरू झाला त्यातून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम व पुढे १९७१ चे नियम सिद्ध झाले. या नियमांनी प्रत्येक वेष्टनावर कोनावर उभा केलेला एक चौरस सांगितला. त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग, वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द. अतितीव्र विषासाठी लाल रंग, कवटी व हाडे आणि ‘पॉयझन’ हा शब्द. त्याखालच्या वर्गासाठी पिवळा रंग व पुन्हा ‘पॉयझन’. मध्यम वर्गासाठी निळा रंग व ‘डेंजर’. सौम्य वर्गासाठी हिरवा रंग व ‘कॉशन’. रचना नेटकी आहे, यात संशय नाही. परंतु ही चढती भाजणी ज्याने प्रथम योजिली त्याच्याच मनात ती स्पष्ट असावी. ‘धोका’ हा शब्द ‘विष’ या शब्दाहून दोन पायऱ्या खाली आहे, हे वाचकाने कशावरून ओळखावे? ‘विष’ हे वस्तूचे नाव आहे, ‘धोका’ ही परिस्थिती आहे, आणि ‘सावधान’ ही आज्ञा आहे. तीन निरनिराळ्या जातींचे शब्द एका मापपट्टीवर मांडले तर ती मापपट्टी राहत नाही. २००३ साली संयुक्त राष्ट्रांनी प्रसिद्ध केलेल्या रसायन-वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीत इशाऱ्याचे दोनच शब्द ठेवले आहेत, आणि तेथे ‘डेंजर’ हा अधिक गंभीर शब्द आहे. आमच्या नियमांत तोच शब्द उताराच्या वाटेवर भेटतो.

रंगांचेही तसेच. पऱ्हाटीच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला हिरवा रंग कसली भीती दाखविणार? हिरवे म्हणजे तरारलेले, पिकाला लागू पडलेले. लाल रंग कुंकवाचाही आहे आणि रक्ताचाही. रंगांना स्वतःचा अर्थ नसतो. व्यवहार त्यांना तो देतो, आणि येथला व्यवहार नियम करणाऱ्यांनी विचारात घेतल्याची खूण नियमांत कोठेही दिसत नाही.

याहून महत्त्वाचे वाक्य भाषेसंबंधीचे आहे. वेष्टनावरील मजकूर व आतील माहितीपत्रक हिंदीत, इंग्रजीत आणि ज्या प्रदेशात त्या मालाचा साठा, विक्री वा वितरण होण्याचा संभव आहे तेथील एक किंवा दोन प्रादेशिक भाषांत छापावे, असे नियम सांगतो. साठा, विक्री, वितरण ही तीन क्रियापदे नीट पाहावीत. फवारणे हे चौथे क्रियापद तेथे नाही. म्हणजे या संहितेचा कल्पित वाचक कृषिसेवा केंद्राच्या फळीपाशी उभा आहे. तो पाठीवर पंप घेऊन तासांतून चालत नाही. मेळघाटातला कोरकू मजूर अकोट वा दर्यापूरकडे कामाला उतरला, तर त्याची भाषा या वाक्यात कोठेच बसत नाही. कोरकू मुंडा कुळातली आहे. मराठीशी तिचे नाते शेजाराचे आहे, घराण्याचे नव्हे.

आणि मराठी तरी कोणती? वऱ्हाडात कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. त्याला ‘औषध’ म्हणतात. झाडाला रोग झाला, म्हणून औषध आणले, असा तो सरळ अर्थविस्तार आहे आणि त्यात खेडुताचे अज्ञान शोधणे व्यर्थ आहे. विक्रेता, पर्यवेक्षक आणि शासनाचा प्रचारही हाच शब्द वापरतो. परंतु औषध या शब्दाबरोबर औषधाची समजूतही येते. थोड्याने गुण आला नाही तर मात्रा वाढवावी, एकाने भागले नाही तर दोन एकत्र करावी. ‘औषध पिणे’ या वाक्प्रचाराला याच भागात जो दुसरा भयंकर अर्थ आला आहे, तो येथे सांगावयास नको. एकच शब्द दोन्ही टोके सांभाळतो, आणि वेष्टनावर मात्र तो शब्द नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक नेमण्यात आले, आणि नोव्हेंबरात यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवसांसाठी थांबविण्यात आली. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होते, तसेच डायफेन्थियुरॉनही होते. तोंडावाटे दिलेल्या मात्रेच्या कसोटीने हे दुसरे द्रव्य मध्यम वर्गात पडते. माणसाच्या डोक्याहून उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारा मारताना विष श्वासातून व कातडीतून शिरते. चौरसाचा रंग ठरविताना तोंड व कातडी यांचा विचार झाला, श्वासाचा व डोळ्याचा झाला नाही. ही उणीव कोणत्याही फवारणी करणाऱ्या मजुराने प्रयोगशाळेवाचून दाखवून दिली असती. त्याला विचारले गेले नाही.

आता तिसरी संहिता. डॉ. अनुपम वर्मा यांच्या समितीने ६६ कीटकनाशकांचे जे परीक्षण केले, त्याच्या अनुषंगाने २०१८ साली काहींवर बंदी आली, आणि १४ मे २०२० रोजी आणखी २७ द्रव्यांवर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा निघाला. हरकतींसाठी प्रथम ४५ दिवस दिले गेले, पुढे ती मुदत ९० दिवस झाली. मे-जून म्हणजे वऱ्हाडात पेरणीचे दिवस, आणि ते वर्ष टाळेबंदीचे. राजपत्र हिंदी-इंग्रजीत, हरकत लेखी. अशा व्यवस्थेत कंपन्यांची व निर्यातदारांची निवेदने वेळेवर पोहोचतात, याचे आश्चर्य नाही. त्याच वर्षी पर्यावरण-परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून रोजी आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत अनुवाद करण्याचा आदेश दिला होता. तो आदेश स्वागतार्ह खरा. पण मजकूर मराठीत आला म्हणजे तो वाचकापर्यंत आला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

‘स्टेकहोल्डर’ या शब्दासाठी मराठीत जी प्रतिनामे चालतात त्यांकडे पाहिले तरी गोंधळ उघड होतो. ‘भागधारक’ म्हणावे तर तो कंपनीचा शेअर बाळगणारा. ‘हितसंबंधी’ या शब्दाला मराठीत संशयाचा वास आहे. ‘हितधारक’ हिंदीच्या वाटेने आलेला व निर्जीव. त्यापेक्षा राजपत्रातील जुना साचाच प्रामाणिक आहे : ज्यांच्यावर परिणाम होण्याचा संभव आहे अशा सर्व व्यक्ती. त्यात हित धरून बसण्याची अट नाही. हा साचा मनावर घेतला असता तर प्रथम मजुराचे नाव आले असते.

येथे एक आक्षेप विचारार्ह आहे. शेतकऱ्यांच्या अनेक संघटना बंदीच्या बाजूच्या नाहीत. स्वस्त व तत्काळ गुण देणारे द्रव्य काढून घेतले तर पर्याय काय, असे त्या विचारतात. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने मान्यता नसलेले तणनाशक-सहिष्णू कापसाचे बियाणे उघडपणे पेरले. मत मागितले जात नाही तेव्हा ते पेरून दाखविण्याची ही रीत आहे, आणि तिच्याकडे केवळ कायदाभंग म्हणून पाहणे एकांगी होईल. तथापि ‘शेतकरी’ या एका शब्दात बियाणे निवडणारा मालक आणि रोजाने फवारा मारणारा मजूर हे दोघे कोंबले की दुसऱ्याचे मत पहिल्याच्या तोंडून ऐकले जाते. बंदीच्या प्रश्नावर त्या दोघांची हिते नेहमीच एक असतील असे नाही. २०२३ साली डायकोफॉल, डिनोकॅप व मेथोमिल यांवर बंदी आली, मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावरही आली. या निर्णयांचे बरेवाईट मोजताना हा भेद राखला पाहिजे.

तोंडी विचारण्याची उदाहरणे आमच्याकडे नाहीत असे नाही. २०१० साली बीटी वांग्याबाबत सात शहरांत ज्या जाहीर सभा झाल्या, त्यांतील एक नागपूरला झाली होती. तेथे गलका पुष्कळ झाला, तरी बोलता येणाऱ्याला लिहिता येण्याची अट नव्हती. वेष्टनाच्या बाबतीत सभेहूनही सोपा मार्ग आहे. वर उल्लेखिलेल्या जागतिक पद्धतीच्या एका परिशिष्टात, केप टाऊन विद्यापीठातील अभ्यासकांनी सिद्ध केलेली आकलन-चाचणीची रीत दिलेली आहे : वेष्टन हाती द्यावे, काय समजले ते विचारावे, उत्तर जसेच्या तसे टिपावे. भाषाशास्त्राच्या क्षेत्रकार्याला ही रीत परकी नाही. अमरावतीचे विद्यापीठ आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून ऑगस्ट-सप्टेंबरात, फवारणी सुरू असताना, ही चाचणी वऱ्हाडीत व कोरकूत घेतली, तर पुढच्या मसुद्यावर हरकत नोंदविण्यास लागणारा पुरावा हाती येईल. प्रश्नावली तयार करताना ‘कीटकनाशक’ हा शब्द टाळावा आणि ‘औषध’ म्हटल्यावर काय उत्तर येते ते प्रथम पाहावे.