कोकिळेवरचा आरोप

मे महिन्यात मालवणात उजाडायच्या आधीच कोकीळ सुरू होतो. सुट्टीला आलेले चाकरमानी त्याचा आवाज रेकॉर्ड करून स्टेटसला ठेवतात आणि खाली लिहितात, 'कोकिळा गातेय'. पण कुहू करणारा नर असतो, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि आवाज नुसता किक्-किक्. मराठीत मात्र गाणंही तिच्या नावावर आणि लबाडीही तिच्याच. गाण्याचं श्रेय तिला फुकट मिळालं. लबाडीचा आरोप फार जुना आहे आणि तो कोण करतं, हे नीट वाचण्यासारखं आहे.

'अभिज्ञानशाकुंतल'चा पाचवा अंक. गरोदर शकुंतला दरबारात उभी आहे आणि दुष्यंत तिला ओळखत नाही. गौतमी म्हणते, ही तपोवनात वाढलेली पोर, हिला कपट ठाऊक नाही. त्यावर राजाचं म्हणणं असं की बायकांना ते शिकवावं लागत नाही. कोकिळाच बघा, पिल्लं उडायला लागेपर्यंत दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतात.

मला हे नाटकातलं सगळ्यात क्रूर बोलणं वाटतं. कारण शकुंतला स्वतःच परक्यांनी वाढवलेली आहे. मेनकेने तिला टाकलं, कण्वाने सांभाळलं; महाभारत तर सांगतं की शकुंत पक्ष्यांनी राखली म्हणून ती शकुंतला. मेनका आणि कण्वाची ही हकीकत पहिल्या अंकात अनसूयेने दुष्यंतालाच ऐकवलेली. शापामुळे तो विसरलाय. आपल्याला आठवतंय, म्हणून घाव आपल्याला दिसतो. आणि चौथ्या अंकात तपोवनातल्या झाडांनी तिला निरोप दिला, तो कोकिळेच्याच आवाजात! एक अंक उलटला आणि तोच पक्षी शिवी झाला. (अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं, तेव्हा आधी पहिल्या चार अंकांचाच प्रयोग झाला. म्हणजे त्या प्रेक्षकांना निरोप आधी मिळाला, आरोपाचा अंक पुढे आला.)

शिवाय राजा अर्धीच गोष्ट सांगतो. कावळ्याच्या घरट्याजवळ नर कोकीळ मुद्दाम समोर येतो, कावळे त्याच्या मागे धावतात, तेवढ्यात मादी अंडं घालून जाते. बाप या कामात पुरता सामील आहे, पण राजाच्या बोलण्यात तो कुठेच नाही. सातव्या अंकात दुष्यंताला स्वतःचा मुलगा भेटतो, तोही मारीचाच्या आश्रमात वाढलेला.

इतर अंडी ढकलून देणाऱ्या उघड्या पिल्लाचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तो युरोपातला कुकू. एडवर्ड जेन्नरने त्याची ती सवय १७८८ साली लिहून ठेवली. आपल्या कोकिळेचं पिल्लू सहसा तसं करत नाही. ते कावळ्याच्या पिल्लांसोबतच वाढतं. मात्र आधी बाहेर येतं, खायला हावरटासारखं मागतं, आणि कावळ्याच्या पिल्लांची उपासमार होऊ शकते. नुकसान आहेच, मी ते झाकत नाही.

पण या सगळ्यात कावळा कुठे आहे? दुष्यंताच्या लेखी तो नुसता 'दुसरा पक्षी', आपल्या गोष्टींत मूर्ख. त्याची बाजू मला सापडली ती अमरकोशात. तिथे कोकिळाचं एक नाव 'परभृत', म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. कावळ्याच्या नावांत आहे 'परभृत्', म्हणजे दुसऱ्याला पोसणारा. फरक एका हलन्ताचा, आणि मराठीत लिहिताना असे शेवटचे हलन्त आपण गाळतो.